लाँड्रोमॅटला मुलांना सोबत नेताना: काय करू द्यायचं, काय शिकवायचं

लाँड्रोमॅट म्हणजे नाणी टाकून आपले कपडे आपणच मशीनवर धुवायची सार्वजनिक जागा. कपड्यांचे दोन गठ्ठे, दीड-दोन तासांचं काम आणि सोबत कंटाळणारं मूल. अशा वेळी बहुतेक जण मोबाइल हातात देऊन मोकळे होतात. त्यापेक्षा एक अख्खं मशीन मुलाच्या ताब्यात द्या. कपडे वेगळे करण्यापासून घड्या घालण्यापर्यंत त्या मशीनचं सगळं त्यानं बघायचं. तुम्ही शेजारच्या मशीनवर आपलं काम करायचं आणि त्यानं विचारलं तरच तोंड उघडायचं. वजन, वेळ, पैसे, उष्णता, फेस, रंग हे सगळं या कामात आपोआप येतं. मात्र ‘चला, आता आपण गणित करू’ असं म्हणालात की मूल तिथेच अंग काढून घेतं.

मुलाच्या वाट्याला चुकलं तरी पुन्हा धुता येतील असेच कपडे द्यावेत: टॉवेल, चादरी, अभ्रे, रोजचे टी-शर्ट, पायमोजे. लोकरी, रेशमी आणि नवे गडद कपडे तुमच्याकडे ठेवा.

तीन ते पाच वर्षांच्या मुलानं रंग वेगळे करावेत, मोज्यांच्या जोड्या लावाव्यात आणि नाणी मशीनमध्ये टाकावीत, एवढं पुरे. सहा ते आठ वर्षांची मुलं कपड्यांवरच्या खुणा वाचतात आणि घड्याळ सांभाळतात. पुढे वजन, टक्केवारी आणि वेळापत्रक जमतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं अख्खा फेरा एकट्यानं उरकायला हरकत नाही, तुम्ही फक्त त्याच जागेत असा.

निघण्याआधी घरी

खिसे तपासणं हे पहिलं काम, आणि लहान मुलं ते मोठ्यांपेक्षा मन लावून करतात. चुरगळलेला टिश्यू पेपर राहिला तर सगळ्या गडद कपड्यांवर पांढरे कण बसतात. पेन राहिलं तर त्याची शाई गळते, मेणाचा खडू राहिला तर तो ड्रायरच्या उष्णतेनं वितळतो, आणि कपड्यांबरोबर ड्रमही रंगतो. सापडलेल्या वस्तू एका डब्यात टाकायला सांगा.

मग चेन बंद, शर्टाची बटणं उघडी, जीन्स उलट्या. चेनचे दात दुसऱ्या कपड्याला ओरबाडतात म्हणून चेन बंद करायची. बटणं लावलेली असली की मशीनच्या झटक्यांचा ताण काजांवर येतो, म्हणून ती उघडायची. रजईची खोळ तेवढी बटणं लावूनच धुवा. ती उघडी राहिली की छोटे कपडे आत शिरतात आणि शेवटी खोळीच्या पोटातून ओल्या मोज्यांचा गोळा बाहेर येतो.

कपडे वेगळे करताना ढीग तीन: पांढरे, गडद, बाकीचे. इथे मुलं हमखास अडतात, कारण पांढऱ्यावर लाल पट्टे असलेला शर्ट कुठे टाकायचा हे त्यांना कळत नाही. उत्तर लगेच देऊ नका, रंग जातो का ते तपासायला लावा. पांढरा ओला रुमाल शर्टाच्या आतल्या शिवणीवर अर्धा मिनिट दाबून घासायचा. रुमालाला रंग लागला तर शर्ट गडद कपड्यांत जाईल, नाही लागला तर बाकीच्यांत. नव्या गडद कपड्याच्या धाग्यावर जास्तीचा रंग बसलेला असतो आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत तोच सुटतो, हे त्या रुमालावर डोळ्यांनी दिसतं.

खुणांची भाषा

कॉलरच्या मागे किंवा बाजूच्या शिवणीत छोटी पट्टी असते. तिच्यावर मूळ चित्रं पाचच: पाण्याचं टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, इस्त्री म्हणजे इस्त्री, आणि वर्तुळ म्हणजे व्यावसायिक धुलाई, ड्रायक्लीनिंग वगैरे. चौकोनात वर्तुळ असेल तर ते ड्रायरबद्दल आहे. फुली म्हणजे ‘हे करू नका’. टबातला आकडा पाण्याचं जास्तीत जास्त तापमान सांगतो: ३०, ४०, ६०. टबाखाली एक रेघ असेल तर हलकं धुणं, दोन रेघा असतील तर अगदी हलकं. टबात हात दाखवला असेल तर कपडा हातानंच धुवायचा.

ठिपके जितके जास्त तितकी उष्णता जास्त. इस्त्रीत एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. एवढं सांगितल्यावर मुलाला एकच प्रश्न विचारा: या गठ्ठ्यातला सगळ्यात नाजूक कपडा कोणता? अख्ख्या मशीनचं तापमान त्या एका कपड्यावर ठरतं. नऊ कपड्यांवर ६० आणि एकावर ३० लिहिलं असेल, तर एक तर सगळं ३० वर धुवायचं, नाहीतर तो एक कपडा बाहेर काढायचा. निर्णय मुलाचा.

सुरक्षेचे नियम, आधीच आणि ठामपणे

ड्रममध्ये डोकं, पाय किंवा अख्खं अंग घालायचं नाही. मशीन बंद असलं तरी नाही. दार लावण्याआधी आत नजर टाकायची, हा नियम तुमच्यासाठीही आहे, कारण लपाछपी खेळणाऱ्या लहान मुलाला ड्रम ही उत्तम जागा वाटते. ढकलगाडीत बसायचं नाही. ड्रायरच्या काचेला हात लावायचा नाही.

डिटर्जंटच्या रंगीत कॅप्सूल सहा वर्षांखालच्या मुलांच्या हाती अजिबात देऊ नयेत. आतला द्रव फार तीव्र असतो आणि वरची पातळ पिशवी ओल्या हातानंही विरघळते. डोळ्यात किंवा तोंडात गेला तर गंभीर इजा होते. कॅप्सूल वापरतच असाल तर त्या कोरड्या हातानं तुम्ही टाका, किंवा मुलं सोबत असतील त्या दिवशी साधं द्रव डिटर्जंट न्या. ब्लीचही मोठ्यांनीच हाताळायचं. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल पडलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे मोठ्या मुलांना सांगून ठेवलेलं बरं.

ड्रम भरताना

आधी रिकाम्या ड्रममध्ये हात फिरवून आधीच्या माणसाचं काही राहिलंय का ते बघा. मग कपडे एकेक करून, सैल टाकायचे. बोळे करून कोंबायचे नाहीत. सुती कपड्यांनी ड्रम साधारण पाऊण भरावा, वर मोठ्या माणसाचा हात आडवा जाईल एवढी जागा राहावी. कृत्रिम धाग्याचे कपडे असतील तर अर्धाच.

मशीनवर लिहिलेली ७ किंवा १४ किलो ही क्षमता कोरड्या कपड्यांची असते. मोठा टॉवेल अर्धा ते पाऊण किलोचा, जीन्सही जवळपास तेवढीच, टी-शर्ट दीडशे ते दोनशे ग्रॅमचा. यावरून किती कपडे मावतील याचा अंदाज मुलाला आधी बांधू द्या.

डिटर्जंट मोजायला टोपणावरच्या रेघा असतात. टोपण सपाट जागी ठेवून, डोळे रेघेच्या पातळीत आणून ओतायचं. वरून बघितलं की चुकतं. काठोकाठ भरलेलं टोपण म्हणजे योग्य माप, हा मोठ्यांचाही गैरसमज असतो. बहुतेक साध्या धुण्यांना खालची किंवा मधली रेघ पुरते.

काचेतून काय बघायचं

पुढून दार असलेल्या मशीनसमोर मुलाला पाचेक मिनिटं बसवा. एक भडक रंगाचा मोजा मुद्दाम आत टाकलेला असावा. धुणं सुरू असताना तो मोजा किती वेळा वर जाऊन खाली पडतो ते १५ सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं. उत्तर बहुधा मिनिटाला चाळीस-पन्नासच्या घरात येतं. ड्रम मधूनच थांबून उलट का फिरतो, हेही विचारा. एकाच दिशेनं फिरत राहिला तर कपड्यांचा पीळ पडून दोरखंड होईल.

आता खरी गंमत. ५० सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला साधारण ६० फेऱ्यांच्या वर गेला की कपडे खाली पडायचेच थांबतात आणि भिंतीला चिकटून राहतात. म्हणून धुताना वेग त्याच्या खाली ठेवलेला असतो, कारण कपडे वरून आपटले तरच मळ निघतो. पिळायची वेळ आली की मशीन हळूहळू वेग वाढवतं आणि एका क्षणी सगळे कपडे पडायचे थांबून कडेनं गोल पसरतात, मधे रिकामं भोक दिसतं. तो क्षण मुलानं पकडायचा. त्यानंतर भडक मोजा मोजता येत नाही, नुसता रंगाचा पट्टा दिसतो. मिनिटाला १००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा. त्या वेगात ड्रमच्या कडेचा कपडा ताशी ९० किलोमीटरहून जास्त वेगानं पळत असतो आणि त्यावरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २८० पट असतो. भोकांमधून पाणी सरळ बाहेर निसटतं. कपड्यांना मात्र ड्रमची भिंत अडवते. फरक एवढाच.

फेसाकडेही लक्ष हवं. काचेच्या खालच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत फेस दिसला तर ठीक. काच फेसानं भरली तर डिटर्जंट जास्त झालंय. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, असं मुलांना वाटतं, आणि घडतं बरोबर उलटं: फेसाची गादी होते, कपडे तिच्यावर अलगद पडतात, आपटत नाहीत. वर साबण नीट निघत नाही, कपडे वाळल्यावर कडक होतात आणि अंगाला खाजतात. उपाय म्हणजे पुन्हा एकदा नुसत्या पाण्यात खळबळून काढणं, म्हणजे आणखी नाणी आणि आणखी वेळ. त्या नाण्यांचा हिशेब मुलालाच करू द्या.

वाट बघताना करायला एक छोटा प्रयोग घरून न्यावा. घट्ट झाकणाच्या पारदर्शक बाटलीत १०० मिलिलिटर पाणी आणि एक चमचा तेल. जोरात हलवा, टेबलावर ठेवा, दोन मिनिटांत तेल पुन्हा वर येतं. मग दोन-तीन थेंब डिटर्जंट घालून पुन्हा हलवा. पाणी दुधासारखं होतं आणि बराच वेळ तसंच राहतं. डिटर्जंटच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, त्यामुळे तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. मशीनमध्ये तेलकट डागाचं हेच होतं.

तीनदा वजन

लाँड्रोमॅटच्या फेरीत एकच प्रयोग करायचा झाला तर हा करा. बॅगा उचलून वजन दाखवणारा हुकाचा छोटा काटा सोबत घ्या आणि एक प्लॅस्टिकची मोठी पिशवी. कापडी पिशवी नको, ती स्वतःच पाणी पिते आणि आकडे चुकवते. आधी रिकाम्या पिशवीचं वजन लिहून ठेवा, दर वेळी ते वजा करायचं.

पहिलं वजन कोरड्या मळक्या कपड्यांचं, दुसरं धुऊन पिळून निघाल्यावर, तिसरं ड्रायरनंतर. समजा आकडे आले ४ किलो, ६.२ किलो आणि पुन्हा ४ किलो. म्हणजे मशीननं पिळल्यावरही कपड्यांत २.२ किलो पाणी होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा २.२ लिटर. दोन मोठ्या बाटल्यांपेक्षा जास्त पाणी हाताला फक्त दमट लागणाऱ्या कपड्यांत लपलेलं असतं यावर मुलांचा पटकन विश्वास बसत नाही. काटा दाखवतो म्हणून बसतो. मोठ्या मुलानं टक्केवारी काढावी: कोरड्या वजनाच्या ५५ टक्के.

हे २.२ लिटर पाणी ड्रायरला वाफ करून उडवायचं असतं. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सहा-सातपट ऊर्जा त्या पाण्याची वाफ करायला लागते. म्हणून पाणी उष्णतेनं घालवण्यापेक्षा पिळून काढणं नेहमीच स्वस्त. कपडे जास्त ओले वाटले तर नुसतं पिळण्याचा एक फेरा घेऊन पुन्हा वजन करा. ५.८ किलो आलं तर ड्रायरचं ०.४ लिटरचं काम वाचलं.

तिसरं वजन पहिल्यापेक्षा थोडं कमी आलं तर मूल म्हणेल, मळ गेला! मळ जातोच, पण जास्त वाटा बहुधा ओलाव्याचा असतो. सुती कपडा कोरडा दिसला तरी हवेतला थोडा दमटपणा धरून असतो आणि ड्रायर तोही काढतो. तेच कपडे रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी पुन्हा जोखले की वजन किंचित वाढलेलं सापडतं, काटा तेवढा बारीक असेल तर.

वेळ आणि नाणी

आल्या आल्या मुलाकडून वेळापत्रक लिहून घ्या. धुणं ३५ मिनिटं, वाळवणं ४० मिनिटं, कपडे घालायला आणि हलवायला पाच-पाच मिनिटं, घड्यांना १५. दहा वाजून दहा मिनिटांनी पोचलो, तर १०:१५ ते १०:५० धुणं, १०:५५ ते ११:३५ ड्रायर, ११:५० ला मोकळे. आता विचारा: गठ्ठे दोन आणि मशीन व ड्रायर एकेकच रिकामा असेल तर? पुष्कळ मुलं वेळ दुप्पट करतात. पण पहिला गठ्ठा वाळत असताना दुसरा धुता येतो आणि दुसरा वाळत असताना पहिल्याच्या घड्या होतात. नीट मांडलं तर १२:३५ ला काम संपतं. म्हणजे दुसऱ्या गठ्ठ्याला शंभर मिनिटं नाही, पंचेचाळीसच लागली. हे वेळापत्रक कागदावर काढू द्या, डोक्यात ठेवायला लावू नका.

ड्रायर पुष्कळ ठिकाणी नाण्यागणिक चालतो. एका नाण्याला ८ मिनिटं आणि हवीत ४०, तर पाच नाणी. पण पाचही एकदम टाकू नयेत. तीन टाका, दार उघडून हात लावून बघा, मग पुढचं ठरवा. टाकलेलं नाणं परत मिळत नाही. गजर मुलाच्या घड्याळात लावा आणि मशीन थांबल्यावर लगेच रिकामं करा. दुसरं कुणी थांबलेलं असताना ओले कपडे मशीनमध्ये ठेवून निघून जाणं हा सार्वजनिक जागेतला मोठा उद्धटपणा आहे, हे शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. आणि दुसऱ्याचे कपडे राहिले असतील तर मुलानं त्यांना हात लावायचा नाही, तिथल्या माणसाला विचारायचं.

ड्रायर

ड्रायरमध्ये टाकण्याआधी डाग पुन्हा तपासा, एकेक कपडा उजेडात धरून. डाग राहिलेला कपडा ड्रायरमध्ये गेला की उष्णतेनं तो पक्का होतो. रक्त, दूध, अंडं यांच्या डागांना गरम पाणीही चालत नाही, कारण उकडलेल्या अंड्यासारखं त्यातलं प्रथिन गोठून धाग्यात अडकतं. आधी थंड पाणी, मग विकर (एन्झाइम) असलेलं डिटर्जंट.

जाळीवर साठलेला धाग्यांचा भुसा काढणं हे मुलाचं काम. जाळी कुठे आहे ते विचारून घ्या, काही ठिकाणी ती कुलूपबंद असते आणि तिथले कर्मचारीच साफ करतात. भुशाचा थर एका सलग पापुद्र्यासारखा निघतो. भिंगाखाली धरला तर निळे, पांढरे, करडे तुटके धागे वेगवेगळे दिसतात. दर धुण्याला कपडे थोडे थोडे झिजतात, त्याचा हा पुरावा. हा भुसा भराभर पेट घेतो, शिवाय जाळी भरली की हवा अडते आणि कपडे वाळायला वेळ लागतो. खाण्याचं तेल, पेट्रोल किंवा रंगाचं थिनर लागलेली फडकी धुतल्यावरही ड्रायरमध्ये टाकू नयेत. उरलेलं तेल गरम ढिगाऱ्यात आपोआप तापत जातं आणि आग लागू शकते.

कृत्रिम धाग्याचे कपडे बाहेर काढताना चटचट आवाज येतो, मोजे शर्टाला चिकटतात. घर्षणानं विद्युतभार साठलेला असतो. कपडे अगदी कोरडेठाक होण्याआधी काढले तर हे कमी होतं.

घड्या

कोमट असतानाच घड्या घाला. सुती कापड गरम आणि ओलसर असताना मऊ असतं आणि गार होताना ज्या आकारात असेल त्याच आकारात बसतं, म्हणून ढिगात पडून राहिलेल्या कपड्यांच्या सुरकुत्या जाता जात नाहीत. टॉवेलची अर्धी, पाव, आठवा हिस्सा अशी घडी घालताना अपूर्णांक हातात येतात: क्षेत्रफळ निम्मं, जाडी दुप्पट. चादर दोघांनी मिळून. लहान मुलाला मोज्यांचं काम द्या, आणि एकटा उरलेला मोजा शोधायला त्याला ड्रमच्या रबरी कडेच्या घडीत बघायला पाठवा, बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

बिघडलं तर

मशीन सुरूच होत नाही: बहुधा दारात कापडाचं टोक अडकलंय. उघडून पुन्हा लावा. धडधड आवाज येतो किंवा मशीन पिळायच्या आधीच थांबतं: एकच जड वस्तू आत आहे, ओली झाल्यावर ती एका बाजूला गोळा होते आणि तोल जातो. दोन टॉवेल सोबत टाकले की तोल सावरतो. दार उघडत नाही: मशीन थांबल्यावर कुलूप सुटायला एक-दोन मिनिटं लागू शकतात, हिसका देऊ नका. नाणं अडकलं तर मशीनवर ठोसे मारायचे नाहीत, नंबर बघून तिथल्या माणसाला सांगायचं. हे बोलणं मुलालाच करू द्या.

पांढरे कपडे गुलाबी निघाले तर ड्रायरमध्ये टाकू नका. रंग सोडणारा कपडा वेगळा करून बाकीचे ओले असतानाच लगेच पुन्हा धुवा, पुष्कळ रंग निघतो. लोकरीचा स्वेटर मात्र एकदा आटला की मागे येत नाही. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, उष्णता, ओल आणि रगडणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि उलटे सुटत नाहीत.